अण्णा, माझी पलटण उभी राहिली

आदरणीय अण्णा,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी वॉटर्लूच्या लढाईचं मैदान छोट्या धातूच्या शिपायांनी टेबलावर पूर्ण मांडून झालं. दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, आणि त्यावर सहा मिलिमीटरची पाच हजारांवर माणसं. फोटो तुमच्या नातवाच्या फोनवर पाठवलेत. पण पेणच्या तुमच्या गणपती कारखान्यात मला काय मिळालं, ते चिमुकले शिपाई रंगवून लढाया मांडण्याचा हा छंद जोपासणाऱ्या इतरांनाही कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

सहा मिलिमीटर म्हणजे तळपायापासून डोळ्यांपर्यंतची उंची. शिपाई तांदळाच्या लांब दाण्याएवढा, धातूच्या एका पट्टीवर चौघे ओतलेले. पहिली दोन वर्षं मी एकेकाला भिंगाखाली धरून रंगवत होतो. बटणं, कॉलर, काही सोडलं नाही. संध्याकाळभरात एक पट्टी व्हायची, आणि टेबलावर ठेवली की हातभर अंतरावरून नुसता काळपट डाग दिसायचा. फ्रेंचांचा निळा रंग पुस्तकाशी ताडून अगदी खरा घेतला होता, तरीही.

त्या पट्ट्यांचा डबा घेऊन आलो तेव्हा तुम्ही तो उन्हात नेलात, चार पावलं मागे सरलात आणि म्हणालात, "लहान वस्तूला सावली खाते रे. रंग एक घर उजळ घे." मग मला आत नेऊन मूर्तींची रांग दाखवलीत. एकजण सगळ्यांची पितांबरं पिवळी करत पुढे जात होता, त्याच्यामागून दुसरा शेले. आखणी, म्हणजे डोळ्यांच्या बारीक रेघा, सगळ्यात शेवटी, तुमच्या एकट्याच्या हाताची.

त्याच दुपारी आपण पट्ट्या आइसक्रीमच्या काड्यांवर चिकटवल्या. आधी काळ्या रंगाचा एक हात, मग सगळ्यांचे अंगरखे, सगळ्यांच्या बंदुका, सगळ्यांचे चेहरे. चेहरा म्हणजे एक ठिपका. इंग्रजांच्या लाल अंगरख्यांवरचे पांढरे पट्टे मात्र तुम्ही स्वतः मारून दाखवलेत. करंगळी काडीवर टेकवली, श्वास धरला आणि आखणीच्या ब्रशने दोन तिरक्या रेघा ओढल्यात. पुढचा शिपाई, पुन्हा दोन रेघा. चोविसाव्यानंतरच श्वास सोडलात की काय असं मला वाटलं. काडी लांब धरली आणि अण्णा, पहिल्यांदा मला माणसं दिसली नाहीत, पलटण दिसली.

इतक्या लहान मापाचा हट्ट का, असं तुम्ही विचारलं होतं. तेव्हा नीट सांगता आलं नाही. माझ्या टेबलावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे दोन मीटर, त्यामुळे चार किलोमीटरची आघाडी दोन मीटरमध्ये बसते. १८ जून १८१५ च्या दुपारी फ्रेंच सेनापती दॅर्लाँचं सैन्य चढावर निघालं, तेव्हा त्यातल्या मार्कोन्येच्या डिव्हिजनमध्ये आठ बटालियन एकामागे एक होत्या. प्रत्येक बटालियन तीन रांगांची, म्हणजे एकूण २४ रांगा खोल. मोठ्या बाहुल्यांनी हे मांडायला गेलं तर बटालियन म्हणजे पंचवीस-तीस जणांचं टोळकं वाटतं. इथे तो ठोकळा डोळ्यांसमोर येतो, आणि समोरून घोडदळ आलं तेव्हा त्याला चटकन पसरून चौक (घोडदळाविरुद्धची चौकोनी रचना) बांधणं का जमलं नाही, हे बघताक्षणी कळतं.

जमिनीचंही श्रेय तुमचंच. माझी पहिली टेकडी थर्माकोलची होती. तिच्यावर मी स्प्रेचा रंग मारला आणि सबंध कडा विरघळून खड्डे पडले. महिन्याचं काम गेलं. रडवेला होऊन फोन केला, तर तुम्ही कागदाचा लगदा, डिंक आणि व्हायटिंग पावडर (खडूची भुकटी) कालवायला सांगितलंत. वर सांगितलंत की थर पातळ दे, वाळू दे, मग दुसरा दे. वॉटर्लूच्या मैदानावरची मों-सें-जाँची ती टेकडीची धार खरं तर अगदी सौम्य आहे. प्रमाणात घेतली तर बोटभरही उंच होत नाही, म्हणून थोडी वाढवावी लागते. पण फार उंच केली की ती डोंगर होते आणि लढाईच खोटी ठरते, कारण इंग्रजांचा सेनापती वेलिंग्टनने बरीचशी माणसं तिच्याच पलीकडच्या उतारावर तोफांच्या नजरेआड ठेवली होती. आजचे फोटोही उपयोगाचे नाहीत. १८२६ मध्ये पूर्ण झालेल्या सिंहाच्या टेकाडासाठी, म्हणजे लढाईच्या स्मारकासाठी, तिथलीच माती उकरून नेली. तुमच्या ओल्या हाताने तो उतार जसा लगद्यातून ओढून दिलात, तसा मला जन्मात साधला नसता. राय धान्याची शेतं जुन्या टॉवेलच्या तुकड्यांची आहेत, तीही काकूंनी दिलेल्या.

जाताना तुम्ही विचारलंत, "हा वेलिंग्टन म्हणजे असईचाच ना?" तोच. असईला मराठ्यांशी लढला तेव्हा, २३ सप्टेंबर १८०३ ला, तो नुसता आर्थर वेलस्ली होता, चौतीस वर्षांचा. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली, म्हणजे मधे उतार असणारच, एवढ्या अंदाजावर त्याने केळणा नदी ओलांडली. शिंद्यांच्या कवायती पलटणींनी तोंड फिरवून त्याच्यासमोर नवी फळी धरली. तोफांशेजारी पडलेले गोलंदाज इंग्रजांची रांग पुढे सरकताच उठले आणि मागून पुन्हा मारा करू लागले. अण्णा, या गोलंदाजांचे चेहरे मला एका ठिपक्यात उरकायचे नाहीत.

केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या त्या पट्ट्याचं काम आता सुरू केलंय. गेल्या महिन्यात भोकरदनकडे जाऊन काठची माती डबीत भरून आणली. तिच्याशी जुळणारा रंग तुमच्याच हातचा कालवलेला हवा आहे. आता तुमची घाई असेल, म्हणून दिवाळी झाली की डबी घेऊन येतो. आखणीचा ब्रश अजून माझ्याकडेच आहे, तोही आणतो.

तुमचा,
काड्यांचा डबा घेऊन येणारा