ब विंगमागचे वारूळ आणि ग्रुपवरची क्लिप

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था मर्या., चिपळूण

विषय : सीसीटीव्हीची क्लिप ग्रुपवरून काढणे व वारुळावरची फवारणी थांबवणे.

महोदय,

शुक्रवारी रात्री पावणेदोनला टाकी भरून वाहू लागली, म्हणून मी पंप बंद करायला खाली उतरलो. पंपाच्या खोलीच्या पायरीशी फणस पडला होता. एवढ्या पावसात हा कोणी आणून ठेवला, म्हणत पायाने बाजूला सारणार, तोच फणस फुस्सकन श्वास सोडून आणखी आवळला गेला. खवले मांजर! वाशिष्ठीतली मगर रस्त्यावर आली तरी आपण चिपळूणकर फारसे दचकत नाही. पण हे मी अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा पाहिले, तेही चपलेपासून वीतभर अंतरावर. खवल्यांच्या मधून राठ केस डोकावत होते, त्यांना चिखल लागला होता.

वॉचमनकाकांनी काठी उगारली नाही, हे मुद्दाम लिहितो. त्यांनी मला बॅटरी बंद करायला लावली आणि आम्ही जिन्यात गप्प बसून राहिलो. अर्ध्या तासाने आधी नाक बाहेर आले. मग ते उलगडले आणि पुढची नखे आत मुडपून, डुलत डुलत, ब विंगमागच्या भिंतीच्या भोकातून गेले.

सकाळी वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन केला. वनरक्षक येऊन पाहून गेले. त्यांची विनंती एकच होती : जागा कोणाला कळू देऊ नका. तोवर क्लिप सोसायटीच्या नावासकट ग्रुपवर पडली होती. दुपारी ती माझ्या मेहुण्याने पुण्याहून मलाच पाठवली!

खवले म्हणजे आपल्या नखांसारखेच केराटिन. औषधी गुण काही नाही. तरी त्यासाठीच त्याची चोरटी शिकार होते. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, शिकारीला 3 ते 7 वर्षे कैद. पण अंगाचा चेंडू केला की बिबट्या हात टेकतो, माणूस मात्र तो चेंडू उचलून पोत्यात घालतो. आपल्याच तालुक्यातल्या डुगव्याने 2020 मध्ये खवलोत्सव करून खवल्याची प्रतिकृती पालखीत मिरवली. आपल्याला निदान एक क्लिप तरी काढता यावी.

फवारणीचे कोटेशन आले आहे, असे कळते. या प्राण्याला दात नाहीत. लांब जिभेने वाळवी आणि मुंग्या टिपायच्या, एवढेच त्याचे जेवण. वाळवीची भीती रास्त आहे, इमारतीच्या पायाशी जरूर औषध मारा. वारूळ भिंतीपलीकडे आहे, ते राहू द्या.

भोक बुजवायचा ठरावही मागे घ्यावा. पावसाचे पाणी तिथूनच जाते. जुलै 2021 चा पूर पाहिलेल्या माणसांनी पाण्याची वाट बुजवायला हात वर करावेत, हे मला तरी उमगत नाही.

क्लिप आज रात्रीपर्यंत निघावी. टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह बदलायचा गेल्या वार्षिक सभेपासून राहिला आहे, तेही पाहावे.

आपला,
सभासद, सदनिका ब-104