1953 साली संपलेला इनामदार माझ्या सातबाऱ्यावर परत कसा आला, साहेब?

मा. महसूलमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या गावात महसुलाचं शिबिर झालं. मांडव, हार, नारळ, सगळं यथासांग. साहेबांनी माईकवरून शब्द दिला, ‘पंधरा दिवसांत दुरुस्त सातबारा घरपोच.’ घरपोच आली ती एका ओळीची चिठ्ठी: ‘सन 1957 नंतरचे फेरफार जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही.’ फेरफार म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याची नोंद. कचेरीचं नाव लिहीत नाही. उगाच एखाद्या शिपायाची बदली व्हायची.

आजोबा इनामदारांचे कूळ. इनाम पेशवाईतलं. 1848 साली इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य खालसा केलं. पुढं इनाम कमिशननं सनदा तपासून इनामं बुडवली, कुणी म्हणतं वीस हजार, कुणी त्याहून जास्त. आमचे इनामदार त्यातूनही तरले. शेवटी 1953 साली व्यक्तिगत इनामं रद्द करणारा कायदा लागू झाला आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनी कूळ मालक ठरलं. आजोबांनी हप्ते फेडून 32-म चा, म्हणजे कुळानं जमीन विकत घेतल्याचा दाखला मिळवला. चार घड्यांचा कागद, जांभळा शिक्का, कडेला त्यांचा अंगठा. तो दाखवला तर उत्तर मिळालं, ‘दप्तराशी ताडून पाहता येत नाही.’ दप्तर तुमचं, जीर्ण झालं तुमच्या ताब्यात, शिक्षा मला! वर संगणकीकरणात ‘इतर अधिकार’च्या रकान्यात इनामदार पुन्हा उगवले. त्यांच्या वारसांनाही हे माझ्याकडूनच कळलं. बिचाऱ्यांनी चहा पाजला.

आमच्याच जिल्ह्यात, वाईजवळ मेणवली आहे. 1768 साली औंधचे भवानराव प्रतिनिधी आणि साताऱ्याचे मंत्री यांनी ते गाव नाना फडणिसांना दिलं. नानांनी कृष्णाकाठी वाडा आणि घाट बांधला. 1800 साली नाना गेले, दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत त्यांच्या विधवा जिऊबाईंची परवड झाली, इंग्रज आले, तेही गेले. वाडा नानांच्या घराण्यातच राहिला. त्याची मालकी अडीचशे वर्षं सलग सांगता येते, कारण तिथं कागद जपणारा माणूस होता. मेणवली दप्तरातली बोरूनं लिहिलेली मोडी पत्रं अभ्यासक आजही वाचतात. आणि तुम्हाला 1957 नंतरचा बाळबोध मराठीतला फेरफार सापडत नाही? माझे तर एकोणतीसच गुंठे आहेत, वाडा नाही की घाट नाही.

वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन अडलंय. सातबाऱ्यावर वर्ग 2 (विक्रीवर बंधन असलेली जमीन) आणि इनामदार दिसला की बँकेचा माणूस फाइल मिटतो. सावकाराकडून शेकडा तीननं उचललेत, व्याजापायी बायकोच्या पाटल्या गेल्या. वडील रात्री कण्हतात आणि मी मोबाइलवर ‘भूमी अभिलेख’ उघडून बसतो. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो म्हणे. मिळतो ना! चूक आता शासनाच्या सहीनिशी मिळते.

कूळकायद्याच्या 2014 च्या दुरुस्तीनं सांगितलं की दाखल्याला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीवर ठरवलेल्या साऱ्याच्या, चाळीस पट नजराणा भरायचा आणि जमिनीवरचं विक्रीचं बंधन उठवून घ्यायचं. माझा आकार 3 रुपये 75 पैसे. नजराणा झाला 150 रुपये. शासनाला पैसे द्यायला नागरिक दारात उभा आहे आणि शासन घेईना, असं दुसरं खातं दाखवा! टेबलाखाली मागतात ते मात्र दीडशेत बसत नाही. बिल्डरच्या शेकडो एकरांचा फेरफार बरा एका आठवड्यात सापडतो. त्याला वाळवी लागत नाही? पाहणी, मामलेदार पेशवाईतही होते, कलेक्टर मात्र गोऱ्या साहेबानं सारा वसूल करायला आणला. साहेब गेला, सारा नावापुरता उरला, रुबाब तेवढा राहिला. राज्यात अडीच कोटी सातबारे आहेत म्हणतात. त्यात असे इनामदार किती उगवलेत, मोजलंय कुणी?

फेरफार हरवला असेल तर दाखल्यावरून नवा घ्या. इनामदारांचं नाव काढा, त्यांचे वारस स्वतः जबाब द्यायला तयार आहेत. आणि 150 रुपये कोणत्या खात्यावर भरायचे तेवढं कळवा.

आपला,
एका कुळाचा नातू