तास मोजायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

मी विणलेलं बाळाचं पांघरूण तुम्ही पहिल्यांदा हातात घेतलंत, तो दिवस मला लख्ख आठवतो. बाकी सगळे सुलट बाजू बघून "किती सुंदर!" म्हणायचे. तुम्ही ते उलटं केलंत, धाग्याची टोकं कशी लपवली आहेत ते बोटानं चाचपलंत आणि विचारलंत, "किती तास लागले?"

मला सांगता आलं नाही. नोकरीत 31 वर्षं दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, पण क्रोशाच्या सुईबरोबर घालवलेला एकही तास कधी मांडला नव्हता. वेळ आपलाच, त्याचे कसले पैसे, असंच वाटायचं.

तुम्ही वही घालायला लावलीत. धाग्याचं वजन, सुईचा नंबर, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ. महिन्यानं ती वाचताना मला रडू आलं. इतकी वर्षं मी नुसत्या धाग्याच्या किमतीत वस्तू देत आले होते. स्वेटर विणणारी यंत्रं आहेत, पण क्रोशाचा खांब, म्हणजे उभा टाका, अजूनही माणसाच्या हातानंच घालावा लागतो, हे तुम्ही समजावलंत. तेव्हापासून किंमत सांगताना माझा आवाज खाली जात नाही.

मोठं काम धरण्याआधी 10 सेंटिमीटरचा चौकोन विणायचा, धुऊन वाळवायचा आणि मगच टाके मोजायचे, म्हणजे माप चुकत नाही, ही शिस्त तुमचीच. (बाही लांब झाली तर घरची माणसं दुमडून घेतात. गिऱ्हाइकानं का घ्यावी?) तान्ह्यांच्या बाहुल्यांना बटणांचे डोळे लावायचे नाहीत, दोऱ्यानं भरायचे, हेही तुम्हीच बजावलंत. विणीचे नमुने लिहून विकायला लागले, तेव्हा पहिल्याच पानावर टाक्यांची नावं अमेरिकी पद्धतीची की ब्रिटिश, ते लिहायला लावलीत, कारण अमेरिकी 'सिंगल क्रोशे' म्हणजेच ब्रिटिश 'डबल क्रोशे', टाका एकच. त्या एका ओळीनं कितीजणींची उसवाउसव वाचली असेल!

आणि ताई, तुमच्याकडे आलेली पहिली मोठी ऑर्डर तुम्ही माझ्याकडे वळवलीत. आपण दोघी एकाच धंद्यातल्या, तरीही. त्याबद्दल आभार कसे मानावेत, मला अजून कळलेलं नाही.

आता कुणी काय करता विचारलं, की "निवृत्त झाले" असं म्हणत नाही. "क्रोशाचं काम करते" म्हणते.

सोबत एक शाल पाठवत आहे. लोकरीची आहे, गार पाण्यात धुवा, पिळू नका, सपाट पसरून वाळवा. उलट बाजू तुम्ही बघालच.

तुमची,
क्रोशेवाली मैत्रीण