डायपरच्या आधी मोजमाप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लघवीवरचा किंवा शौचावरचा ताबा सुटला की बहुतेक घरांतून पहिली फेरी होते ती औषधाच्या दुकानात, आणि डायपरचा पुडा घरी येतो. वय झालं, बाळंतपणं झाली, आता असंच चालायचं, असं म्हणून विषय तिथेच मिटतो. या तक्रारींवर काम करणाऱ्या आम्हा परिचारिकांना आणि फिजिओथेरपिस्टना हे मान्य नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत यासाठी घराजवळ मिळणारी वेगळी सेवा असते, ती प्रशिक्षित परिचारिका चालवतात आणि पॅडचा विषय निघतो तो तपासणीनंतर. आपल्याकडे हीच मदत तुकड्यातुकड्यांनी मिळते : कुठे युरोलॉजी विभागात, कुठे उपशामक सेवेच्या पथकाकडून, कुठे घरी येणाऱ्या खासगी नर्सकडून. म्हणून मदतीला येणाऱ्याकडून नेमकी काय अपेक्षा ठेवायची, हे वाचकांना ठाऊक असायला हवे.

पहिल्या भेटीत उपचारापेक्षा विचारपूस जास्त असते आणि ती संकोच वाटावा इतकी बारीक असते. खोकताना, शिंकताना सुटते की संडासापर्यंत पोहोचेपर्यंत? अंग बाहेर येते का? रात्री किती वेळा उठावे लागते? कोणत्या गोळ्या चालू आहेत? त्यानंतर तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगतात. मिलिलिटरच्या खुणा असलेला एक प्लास्टिकचा मग पुरतो. दर वेळी किती वाजता, किती लघवी झाली, काय आणि किती प्यायले, कधी गळाली, हे लिहायचे. ही नोंद कंटाळवाणी वाटते, पण तिच्याइतके काम दुसरी कोणतीच तपासणी करत नाही. निरोगी मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिली मावते. दिवसातून बारा वेळा आणि दर वेळी ८० मिली, ही एक गोष्ट. बारा वेळा आणि दर वेळी ३५० मिली, ही अगदी वेगळी. पहिल्यात मूत्राशय उतावीळ झालेले असते किंवा पूर्ण रिकामे होत नसते. दुसऱ्यात आधी रक्तातली साखर तपासायची. वयस्कर माणसाची चोवीस तासांतल्या लघवीपैकी एक तृतीयांशाहून जास्त रात्री होत असेल, तर दोष बहुधा मूत्राशयात नसतो. दिवसभर पायांत उतरलेली सूज आडवे झाल्यावर रक्तात परत येते, किंवा लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असते. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलली, तरी कित्येकांची झोप सुधारते.

लघवी करून आल्यावर आत किती उरली, हे सोनोग्राफीने पाहणेही आवश्यक आहे. प्रोस्टेट वाढलेल्या किंवा जुना मधुमेह असलेल्या माणसाचे मूत्राशय सतत भरलेले राहते आणि वरचे तेवढे थेंब थेंब वाहत असते. घरच्यांना वाटते, ताबा गेला. अशा वेळी घाई थांबवणारे औषध दिले, तर लघवी पुरती अडकते. बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर एखादी स्त्री दिवसरात्र अखंड ओली राहत असेल, तर फिस्टुला, म्हणजे मूत्राशयाला पडलेले छिद्र, असण्याची शक्यता धरून तिला शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडेच न्यावे. व्यायामात तिचे महिने घालवू नयेत.

पोटाचा प्रश्न याच भेटीत विचारला गेला पाहिजे, कारण गच्च भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाब आणतो. इथे एक चूक फार घडते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पातळ शौच नकळत होऊ लागते. घरचे जुलाब समजून ते थांबवणारी गोळी देतात. प्रत्यक्षात आत कडक खडा अडकलेला असतो आणि पातळ मळ त्याच्या कडेने झिरपत असतो. गोळीने खडा आणखी घट्ट होतो. इसबगोलही अशा वेळी देऊ नये, भरलेल्या पोटात भरच पडते. बोटाने तपासून खात्री करायची आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मळ मऊ करणारी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा एनिमा द्यायचा. पोट मोकळे झाले की सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी रोज शौचाला बसवायचे; खाल्ल्यावर आतडी आपोआप हलतात, तीच वेळ साधायची. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचे स्टूल ठेवावे, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात. लोह, कॅल्शियम आणि काही वेदनाशामक गोळ्यांनीही मळ घट्ट होतो.

खोकताना लघवी सुटत असेल तर व्यायाम हाच पहिला उपचार. वायू रोखताना जे स्नायू आवळले जातात, ते आत आणि वर ओढायचे. एका वेळी निदान आठ आवळ, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. नुसता कागद हातात देऊन हे जमत नाही. श्वास कोंडला, मांड्या-नितंब आवळले किंवा उलट खाली जोर दिला, तर फायदा होत नाही. म्हणून योग्य स्नायू हलतो आहे की नाही, हे कुणीतरी तपासून सांगायला हवे. लघवी मध्येच थांबवून रोज सराव करणे तर चुकीचेच. घाईच्या तक्रारीत कळ आली की धावायचे नाही. जागीच थांबून पाच-सहा वेळा भरभर आवळायचे, लाट ओसरली की चालू लागायचे. दोन वेळांमधले अंतर असे हळूहळू वाढवायला निदान सहा आठवडे द्यावे लागतात.

पाणी कमी करू नये. शेतावर, एसटीच्या प्रवासात संडासाची सोय नसते म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. हा दोष त्यांचा नाही, पण दाट लघवी मूत्राशयाला टोचते आणि मळही कडक होतो. हृदय-मूत्रपिंडाचे पथ्य नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर हवेच. कमी करायचा तो चहा.

लघवी काढण्यासाठी नळी (कॅथेटर) घातलेल्या रुग्णाबाबत दर भेटीत पहिला प्रश्न एकच असावा : ही अजून लागते का? शक्य असेल तिथे दिवसातून चार-सहा वेळा स्वतः नळी घालून काढणे जास्त सुरक्षित. कायम ठेवायचीच असेल तर नळी मूत्राशयात धरून ठेवणारा फुगा निर्जंतुक पाण्याने भरावा. सलाइनचे क्षार साचून तो पुढे रिकामा होत नाही. पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता लटकवावी आणि दोन तृतीयांश भरताच रिकामी करावी. कडेने गळते म्हणून जाड नळी घालण्याची घाई नको. आधी नळीला पीळ पडला आहे का आणि शौच साफ होते का, ते पाहावे. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मणक्याला इजा झालेल्या रुग्णाचे डोके अचानक ठणकू लागले, घाम फुटला, तर त्याला लगेच उठवून बसवावे आणि नळी तुंबली आहे का ते पाहावे. रक्तदाब धोकादायक वाढलेला असतो. मदत तातडीने मिळायला हवी.

लघवीतून रक्त जाणे, लघवी पूर्ण अडकणे, कंबरदुखीसोबत जांघेत बधिरपणा येणे, या तक्रारी घरी बसून पाहण्याच्या नाहीत. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

डायपर किंवा पॅड यांना आमचा विरोध नाही. तपासणी चालू असताना आणि कधी कधी नंतरही ते लागतातच; मापाचे हवेत, ओले झाल्यावर बदलायला हवेत, कातडी साध्या पाण्याने धुऊन टिपून झिंक ऑक्साइडचा पातळ थर लावायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक सूचनांतही लघवी सुटणाऱ्या वयस्कर स्त्रियांसाठी वर सांगितलेल्या व्यायामाचीच शिफारस आहे. आरोग्य विभागाला आमची मागणी छोटी आहे. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना हे प्रशिक्षण द्या, प्रत्येक उपकेंद्रात मापाचे मग आणि नोंदीचे कागद ठेवा, आणि आशाताई घरी जातात तेव्हा ‘लघवी-संडास वेळेवर साधतं का?’ हा एक प्रश्न त्यांना विचारायला सांगा.

आपले नम्र,
गृहशुश्रूषा व फिजिओथेरपी क्षेत्रातील काही वाचक