वर्तुळाने अंतर मोजू नका

संपादक महोदय, स. न. वि. वि.

खान्देशातल्या भूगोलाच्या प्रात्यक्षिकांत क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आलं, हे उत्तम. पण गाव ते रुग्णालय अंतर अजूनही रुग्णालयाभोवती 5 किलोमीटरचं वर्तुळ काढूनच मोजतात. त्यात तापीच्या दोन काठांवरची गावं शेजारी ठरतात. पुलाचा वळसा वर्तुळाला कळत नाही. धडगाव-तोरणमाळच्या घाटांचं तर विचारूच नका.

मोजणी रस्त्यांच्या जाळ्यावरून हवी. आधी रस्त्यांचा थर यूटीएम 43 उत्तर (सॉफ्टवेअरमधला क्रमांक ईपीएसजी 32643) या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रणालीत आणावा. धुळे, नंदुरबार, जळगाव हे तिन्ही जिल्हे त्यात बसतात. अक्षांश-रेखांशातच ठेवला तर 5 म्हणजे 5 अंश, साधारण 500 किलोमीटर! मग रस्त्यांच्या रेषा जिथे मिळतात ते फाटे तपासावेत. अर्ध्या मीटरची फट पडद्यावर दिसत नाही, पण मार्ग तिथेच तुटतो आणि सॉफ्टवेअर भलताच लांबचा रस्ता दाखवतं. जोडणीची मर्यादा (किती फटीपर्यंतच्या रेषा सॉफ्टवेअरने जोडायच्या) 1-2 मीटर पुरे. 20 ठेवली की सर्व्हिस रोड महामार्गाला चिकटतो. उड्डाणपुलाखालचा रस्ता वरच्याला जोडू नये.

प्रवासाचा वेळ काढताना घाटातले वेग अंदाजाने भरण्यापेक्षा एसटीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावेत. प्रात्यक्षिकाचे गुण रंगीत नकाशाला नव्हे, या तपासणीला द्यावेत, ही अभ्यास मंडळाला विनंती.

– काही भूगोल अध्यापक, धुळे