आमवाताचा दाह कुठून येतो?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आमवात, म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, हा थंडी बाधल्याने किंवा वातूळ खाल्ल्याने होणारा आजार नाही, हे आपल्याकडे अजून पुरेसे सांगितले जात नाही. काही प्रथिनांतील आर्जिनिन या घटकाचे सिट्रुलिन या दुसऱ्या घटकात रूपांतर होते (धूम्रपानाने फुफ्फुसांत ही प्रक्रिया वाढते), विशिष्ट एचएलए जनुके (शरीराला आपले-परके ओळखायला मदत करणारी) असलेल्यांची रोगप्रतिकारशक्ती अशा प्रथिनांना परके समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. 'अँटी-सीसीपी' या रक्ततपासणीत हीच प्रतिपिंडे सापडतात, पुष्कळदा सांधे सुजण्याच्या काही वर्षे आधी. पुढे सांध्याच्या अस्तरातील मॅक्रोफेज या भक्षक पेशी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ हे दाह वाढवणारे संदेशरेणू सोडतात, रक्तातून आणखी पेशी तिथे ओढल्या जातात, आणि सकाळी तासभर रुग्णाची मूठ वळत नाही.

लुधियानात जन्मलेले संशोधक रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी लंडनमध्ये १९९२ साली टीएनएफ रोखणारे, औषध म्हणून बनवलेले प्रतिपिंड रुग्णांना दिले, तेव्हा एकच रेणू अडवूनही सूज उतरते हे दिसले. मात्र क्षयाच्या जंतूंना गाठींत कोंडून ठेवण्यातही टीएनएफचा मोठा वाटा असतो; म्हणून आपल्या देशात तरी हे औषध सुरू करण्यापूर्वी सुप्त (लक्षणे न दिसणाऱ्या) क्षयाची तपासणी टाळणे मला अक्षम्य वाटते.

दुर्दैवाने अनेक जण दुकानातून परस्पर स्टिरॉइड घेत राहतात आणि तोवर हाड झिजलेले असते. आपल्या आरोग्य पुरवणीत संधिवाततज्ज्ञांकडून या विषयावर सविस्तर लेख घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे