टाक्यातले पाणी

अहमदाबाद,
दि. १६ जानेवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीला, म्हणजे इथल्या उत्तरायणाला, मी वसतिगृहातल्या आपल्या भाईकडे आलो आहे. तुझ्या वाईच्या वाड्याचा व्यवहार ठरत आल्याचे तू परवा फोनवर सांगितलेस आणि काल भाईने मला त्याचे जुने घर दाखवले, म्हणून तातडीने लिहीत आहे.

सकाळी आम्ही काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघालो. १८२२ सालच्या त्या मंदिराचे रंगवलेले लाकडी नक्षीकाम पाहत मी तिथेच रेंगाळलो असतो, पण भाईने हाताला धरून गल्लीत नेले. इथल्या जुन्या वस्तीला ‘पोळ’ म्हणतात. पूर्वी तिचा मोठा दरवाजा रात्री बंद होत असे. आत एकमेकांना खेटून उभी घरे आणि मोकळ्या जागेत पाखरांना दाणे टाकण्यासाठी खांबावर उभारलेला कोरीव चबुतरा. लांबेश्वरच्या पोळेत कवी दलपतराम यांचा पुतळा ओट्यावर असा बसवला आहे की त्यांच्या शेजारी सहज टेकावेसे वाटते. मीही टेकलो.

भाईच्या घराच्या भिंतीत विटांच्या थरांमध्ये सागाच्या तुळया घातलेल्या आहेत; जमीन हादरली तरी लाकूड लवते आणि भिंत सावरली जाते. २००१ च्या भूकंपात गेलेला एकुलता एक तडा त्याने बोट फिरवून दाखवला.

पण मला तुला सांगायचे आहे ते चौकातल्या टाक्याविषयी. फरशीत बसवलेले पितळी झाकण त्याने उचलले, तेव्हा खालून गार हवा तोंडावर आली. छपरावरचे पावसाचे पाणी तांब्याच्या नळाने या भूमिगत टाक्यात उतरते. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडून द्यायचे आणि छप्पर धुऊन निघाले की मगच नळ टाक्याकडे वळवायचा. आत उजेड पोहोचत नाही, त्यामुळे शेवाळ धरत नाही आणि पाणी वर्षभर पिण्याजोगे राहते. भाईने कळशी सोडली, दोर बराच वेळ सरकत राहिला, मग खोलवर ‘डुबुक्’ असा आवाज आला. ते गेल्या पावसाळ्याचे पाणी मी दोन पेले प्यायलो.

२०१७ मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा नगरी ठरवले, हा मान मिळवणारे ते भारतातले पहिलेच शहर; तरीही भाईच्या शेजारच्या तीन घरांना कुलपे आहेत, कारण माणसे साबरमतीपलीकडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. पतंगांच्या दोन दिवसांत ती परतली, गच्च्या भरल्या, आणि आज पुन्हा सगळे शांत आहे. मला फार वाईट वाटले.

तुमच्या वाड्यातल्या आडावर कित्येक वर्षे फळ्या ठोकलेल्या आहेत. भावकीच्या अडचणी मी जाणतो, म्हणून व्यवहार मोड असे म्हणत नाही; पण सही करण्याआधी त्या फळ्या काढू या. रविवारी मी परस्पर वाईला येतो. माळ्यावरची कळशी आणि लांब दोर तेवढा शोधून ठेव.

काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
जुना खोलीसोबती